माशांच्या नक्षीचं कापड

"आजी, आता परत कुठं निघालीस?" एनेलेस सिस्टरनं हटकलं.

"हितंच. हात धुवाया," म्हणत दोरिका आजी कमरेच्या कापडात काहीतरी दडवून मागच्या दारानं सटकली.

एनेलेस सिस्टरला चैन पडेना. दोन खोल्यांच्या त्या दवाखान्यात नर्स म्हणून ती एकटीच. दुपारी आजीची नात लोनेसी बाळंत झाली होती. मुलगी ठणठणीत होती, वारही पुरी पडली होती. तरी लोनेसीची नाडी पळत होती, ओठ पांढरे पडले होते आणि ती सारखी पाणी मागत होती. खालचं कापड मात्र कोरडं.

कापड पिवळ्या फुलांचं होतं. बाळंतपणानंतर एनेलेसनं स्वतःच्या हातानं अंथरलं होतं ते माशांच्या नक्षीचं.

ती तशीच मागं हापशाकडं धावली. आजी कापड चोळत होती, आणि भोपळ्याच्या वेलापर्यंत लाल ओहोळ गेला होता.

"कितवं हे?"

"चौथं." आजीनं मान वर केली नाही. "नातीचं रगत उगडं टाकू व्हय? कुण्या करणीवालीच्या हाती लागलं, तर पुन्यांदा पोर व्हायाची न्हाई तिला."

"पुढच्या पोराचं बघतीस आजी, हितं नात चाललीय त्याचं काय?"

एनेलेसला राग आला होता, पण जास्त स्वतःचाच. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिच्या आईनंही कापडं अशीच लपवून धुतली होती. तिला हे सुचायला हवं होतं.

आत येऊन हात लावला, तर लोनेसीचं ओटीपोट लोण्यासारखं मऊ लागलं; गर्भाची पिशवी आवळलीच नव्हती. एनेलेसनं ते चोळायला घेतलं, मांडीत इंजेक्शन दिलं, नळी घालून लघवी काढली, सलाईन लावलं, बाळ छातीशी दिलं. तालुक्याला फोन केला. गाडीला तीन तास लागणार होते.

मग तिनं झाकणाची बादली आजीपुढं ठेवली. "हरेक कापड आधी मला दाखवायचं, मग ह्यात. झाकण तुझ्या ताब्यात. कोण करणीवाली येतीय ते बघू."

आजी थेट बादलीवरच बसली. कापड बदललं की उठायची, दाखवायची, आत टाकून पुन्हा बसायची.

"ह्ये पुरतं भिजलंय, सिस्टर."

एनेलेसचे हात भरून आले, पण तिनं चोळणं थांबवलं नाही.

"ह्ये निम्मंच."

अखेर पोट हाताखाली घट्ट झालं. पुढच्या कापडावर तळहाताएवढाच डाग होता. आजीनं तो दोनदा दाखवला.

दिवस कलता गाडी आली. तोवर अंगणात निम्मा गाव जमला होता. लोनेसीला स्ट्रेचरवर घेता घेता गाडीतल्या नर्सनं विचारलं, "रक्त किती गेलं?"

एनेलेस बोलणार, तोच आजी बादली घेऊन पुढं आली. त्या सगळ्यांदेखत तिनं झाकण उघडलं.

"चार कापडं म्या धुतली, त्यी चूक माजी," ती म्हणाली. "बाकी समदं हितं हाय. नीट बघून घे."