तीन दहाचा थांबा

पंचवीस वर्षं मी यंत्रं का थांबली ते वहीत लिहीत आलो, आणि एवढ्या वर्षांत एकही यंत्र माणसामुळे थांबलं नाही. निदान माझ्या वहीत तरी नाही. फिटर डुलक्या काढत असला तर मी लिहायचो 'सुट्या भागाची वाट'. दोघं जण एकमेकांची गचांडी धरून उभे असले तर 'साचा थंड'. आणि एकदा खुद्द साहेबांनी नको ते बटण दाबून पाऊण तास घालवला, तेव्हा मी 'वीज कमीजास्त' असं सुंदर अक्षरात लिहून विजेच्या माथी मारलं. वीज कुठे भांडायला येते?

आमच्याकडे बाटल्यांची झाकणं होतात. आठ यंत्रं, वरून हॉपरमध्ये प्लॅस्टिकचे दाणे घालायचे, ते वितळून नोझलच्या तोटीतून साच्यात जातात, खालून झाकणं पडतात. मला सगळे वहीवाले म्हणतात. घरीसुद्धा बायको रागावली की तेच म्हणते.

मग सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक यंत्राला एक स्क्रीन लागली. यंत्र एक मिनिटापेक्षा जास्त थांबलं की स्क्रीन लाल होते आणि कारण विचारते. चौदा कारणांतून एक निवडल्याशिवाय यंत्र पुन्हा चालू होत नाही. वाया गेलेला माल ज्या ट्रेमध्ये पडतो तो ट्रे काट्यावर बसवलेला, त्यामुळे ग्रॅमग्रॅमचा हिशेब आपोआप. त्याला ना भीड ना मुर्वत. माझ्याकडे काम उरलं ते एवढंच, की संध्याकाळी तक्ता छापायचा आणि साहेबांसमोर ठेवायचा.

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तीन नंबर यंत्राचा तक्ता पसरलेला. बाकीच्या यंत्रांचे लाल ठिपके गोवर उठल्यासारखे कुठेही. तीन नंबरचे मात्र एका सरळ रेषेत, पट्टी लावून मारल्यासारखे.

"बासष्ट दिवस," साहेब म्हणाले. "रोज दुपारी तीन दहा ते तीन चौदा. आणि रोज किलोभर माल वाया. काय समजायचं मी?"

मी तक्त्याच्या डोक्यावर पाहिलं. 'चालक' या शब्दापुढे टिचकीभाऊचं नाव होतं. टिचकीभाऊला जाऊन आठ महिने झाले होते.

माझा चेहरा पाहून साहेब हसले. "भूत नाही हो! त्याच्या जागी बायकोला घेतलं, कामगार नंबर तोच दिला, नाव बदलायचं राहिलं. ते बदलून टाका कधीतरी. मी बाईंना विचारलं. म्हणतात, नोझल साफ करते. फिटरला विचारलं, तो म्हणतो नोझल आठवड्यातून एकदा साफ केलं तरी पुष्कळ. मग हे काय आहे? काम झेपत नाही ते लपवतात का? सहा महिन्यांची मुदत शुक्रवारी संपतेय त्यांची. शुक्रवारी पाचपर्यंत मला खरं कारण हवं. नाही मिळालं, तर बाईंना कायम करणार नाही. घरी बसतील."

मी मान हलवली आणि बाहेर आलो. तीन दहा ही वेळ जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातला एक गेला होता, आणि दुसरा मी.

टिचकीभाऊ हे नाव त्याला पडलं ते हॉपरवर टिचकी मारायच्या सवयीमुळे. पत्र्यावर एक टिचकी मारायचा, कान द्यायचा आणि सांगायचा, "चाळीस मिनिटांचे दाणे आहेत." घड्याळ लावून बघा, चाळीसच. गेल्या वर्षी एक दिवस तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "वहीवाले, दुपारी जरा छातीत धरल्यासारखं होतं. चार मिनिटं बसलो की जातं. माझ्या नावावर लिहू नका हं. नाहीतर यंत्रावरून उचलतील आणि फाटकावर बसवतील."

मी म्हणालो, "पित्त असेल." आणि लिहिलं, 'नोझल साफ, चार मिनिटं'.

पण नोझल साफ केलं म्हणजे यंत्रानं आतला वितळलेला माल ओकायला हवा. तो भंगारात दिसला नाही तर वजनं जुळत नाहीत. मीच त्याला ते सांगितलं. अक्कलहुशारी कुठे वापरावी याला धरबंध नसतो. तेव्हापासून टिचकीभाऊ बसण्याआधी एक बटण दाबून किलोभर माल बाहेर सोडायचा. वेळही मीच ठरवली. साहेब तीन ते साडेतीन केबिनमध्ये फोनवर असतात, म्हणून तीन दहा. दुखणं आधी आलं तरी तो तीन दहापर्यंत दम धरायचा. पुढे पुढे तर मी ती ओळ सकाळीच लिहून टाकायला लागलो. दुपारी उठायचा त्रास वाचायचा.

एका बुधवारी तो तीनला दहा कमी असताना स्टुलाशेजारी कोसळला. यंत्र चालूच होतं. खालचं पिंप भरून झाकणं जमिनीवर सांडायला लागली तेव्हा कुणाचं तरी लक्ष गेलं. ठरलेल्यापेक्षा चारशे बारा झाकणं जास्त पडली होती. ती मीच मोजली.

आता तो रोज तीन दहाला परत येत होता आणि किलोभर माल टाकून जात होता.

मंगळवारी मी तिकडे फिरकलो नाही. चोराच्या मनात चांदणं. फिटरनं मला जिन्यात गाठलं. फिटर दिवसाला बारा थापा मारतो, त्यातल्या दोन-तीन कामाच्या असतात. म्हणाला, "ऐकलंत का? टिचकीभाऊचा आत्मा कायम झाला म्हणे. बायको अजून कच्चीच!" आणि स्वतःच हसत खाली गेला. बुधवारी तीन दहाला मी टेबलाशी वाकून बसलो होतो, तर सगळ्या खडखडाटातून स्पष्ट ऐकू आलं. टिच. पत्र्यावर एक टिचकी. मग तीन नंबरचा आवाज बंद झाला. मी घड्याळ बघितलं नाही. चार मिनिटं किती लांब असतात ते न बघताच कळतं.

गुरुवारी मात्र गेलो. शुक्रवार काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

वहिनी यंत्रापाशी उभ्या होत्या. टिचकीभाऊच्या बायकोला आम्ही सगळेच वहिनी म्हणतो. बारीक अंगाची बाई, केस घट्ट बांधलेले. शेजारी त्याचं स्टूल तसंच, पण त्या त्यावर कधी बसत नाहीत. तीन नऊला त्यांनी हॉपरवर टिचकी मारली, कान दिला. तीन दहाला यंत्र थांबवलं. बटण दाबून माल सोडला. वाफाळता पांढरा गोळा ट्रेमध्ये पडला आणि हळूहळू बसला. मग पितळी सळई घेऊन त्या नोझल पुसायला लागल्या. नोझल आधीच आरशासारखं होतं. दीड मिनिटात काम उरकलं. पण यंत्र चालू करेनात. हात जोडल्यासारखे पुढे धरून नुसत्या उभ्या.

"झालं की, वहिनी," मी म्हणालो. "आता कशाला थांबलात?"

"चार मिनिटं आहेत ना."

"कुणी सांगितलं चार?"

"तुमच्या वहीत आहे."

वहिनी नव्यानं लागल्या तेव्हा माझ्याकडे आल्या होत्या. भाऊंचं काम मला त्यांच्यासारखंच करायचंय, म्हणाल्या होत्या. आणि मी मोठ्या ऐटीत चार जुन्या वह्या त्यांच्या हातात ठेवल्या होत्या. "घ्या, असं अक्षर आता बघायला मिळायचं नाही." त्यांनी त्या वह्या घरी नेऊन ओळ न् ओळ वाचली होती. मी लिहिलेलं खोटं त्या बाईनं पाठ केलं होतं आणि रोज इमानेइतबारे करत होती.

"वहीवाले," त्या यंत्राकडे बघतच म्हणाल्या, "एक विचारू? हसणार नसाल तर."

"विचारा."

"ते तीनला दहा कमी असताना गेले. डॉक्टरनंही तेच लिहिलंय. पण त्या दिवशीच्या पानावर तीन दहाला नोझल साफ केल्याचं आहे. चार मिनिटं, एक किलो. कुणी केलं?"

मी ट्रेमधल्या गोळ्याकडे पाहत राहिलो.

"मला वाटतं, त्यांनीच," वहिनी म्हणाल्या. "काम अर्धं टाकून जाणारा माणूस नव्हता तो. गेल्यावरही परत आले असतील, एवढं आटपायला. म्हणून मी ती चार मिनिटं त्यांच्यासाठी ठेवते. तेव्हा इथे कुणीतरी असतं, वहीवाले. खरंच असतं." मग घड्याळाकडे पाहून त्यांनी स्क्रीनवर कारण निवडलं आणि यंत्र चालू केलं.

मला वाटलं, राहू द्यावं. बाईला तिचा नवरा रोज चार मिनिटं भेटतोय, आपण कोण मध्ये पडणारे? पण मी गप्प राहिलो असतो तर शुक्रवारी पाचनंतर तिला यंत्रही मिळालं नसतं आणि चार मिनिटंही. बोललो तर यंत्र राहणार होतं. हिशेब सोपा होता, म्हणून तर जड होता.

पाळी सुटल्यावर हात धुवायच्या नळापाशी मी त्यांना सगळं सांगितलं. छातीत धरणं, पित्त, फाटकाची भीती, किलोभर माल, साहेबांचा फोन. सकाळीच लिहून ठेवलेली ओळ शेवटी सांगितली. नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला.

"किती दिवस बसत होते?"

मला आकडा तोंडपाठ होता. असले आकडे मला पाठच असतात. "एकशे सदतीस."

त्यांनी बोटांवर काहीतरी केलं. "नऊ तास आठ मिनिटं. एका पाळीपेक्षा जास्त वेळ बसले होते. आणि मला एक शब्द नाही." मग म्हणाल्या, "एकशे सदतीस किलो प्लॅस्टिकची काळजी घेतलीत तुम्ही दोघांनी मिळून."

मी म्हणालो, "वहिनी—"

"पित्त म्हणालात?"

"हो."

त्यांनी ओले हात पदराला पुसले नाहीत, तशाच फाटकाकडे चालू लागल्या.

शुक्रवारी सकाळी वहिनींनी परत आणून दिलेल्या चारी वह्या मी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. साहेबांनी पानं उलटली, तीन दहाच्या ओळींवरून बोट फिरवलं आणि ते त्या बुधवारच्या पानावर येऊन थांबलं. शेवटी त्यांच्यातला साहेब परत आला. "म्हणजे बाईंची चूक नाही. चुकीचं प्रशिक्षण. तसं लिहून टाकतो." वहिनी कायम झाल्या. वह्या साहेबांनी कपाटात बंद केल्या. मला म्हणाले, "यापुढे एकही नोंद तुम्ही करायची नाही. नुसतं छापायचं. आणि ते नाव बदला आता."

नाव बदलायचं मी सोमवारवर ढकललं.

शनिवारी तीन नंबर तीन दहाला थांबलं नाही. मी टेबलावरच्या संगणकात हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत बसलो. तीन अकरा, तीन बारा, तीन तेरा. कुठे काही नाही. वाया माल शून्य. मी सुटकेचा निःश्वास सोडायला हवा होता. त्याऐवजी मला असं वाटलं, की तो येऊन उभा राहिला असेल आणि यंत्र चालू बघून परत गेला असेल.

सोमवारी दुपारी मी नाव बदलायचं पान उघडलं. जुनं नाव खोडायच्या चौकोनात बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिलो. तेवढ्यात कोपऱ्यात लाल झालं. तीन नंबर. वेळ पाहिली. दोन वाजून पन्नास.

चौदा कारणांतलं शेवटचं आहे 'इतर', त्यात आपल्या हातानं लिहायची सोय आहे. इतक्या दिवसांत कुणी वापरलं नव्हतं. एकेक अक्षर उमटायला लागलं. चालक, टिचकीभाऊचं नाव. वाया माल, शून्य. कारण, छातीत दुखतंय.

मी खुर्ची पाडली. जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरलो, फिटरला धक्का दिला, "डॉक्टर, डॉक्टर बोलवा," असं ओरडत तीन नंबरपाशी पोचलो.

वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. पहिल्यांदाच. पाठ ताठ, हात मांडीवर. चेहरा अगदी शांत. त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

मी यंत्राला धरून धापा टाकत राहिलो. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं, जसं काट्यावरचा आकडा वाचतात तसं.

"बघा," त्या म्हणाल्या. "लिहिलं की माणसं धावतात."

चार मिनिटं पुरी होईपर्यंत त्या बसून राहिल्या आणि मी उभा राहिलो. मग त्या उठल्या, हॉपरवर एक टिचकी मारली, कान दिला.

"अर्ध्या तासाचे दाणे आहेत," म्हणाल्या, आणि यंत्र चालू केलं.