अकरा साक्षीदार

हे घडलं २००४ साली. नाईलच्या मुखाकडच्या आमच्या गावात, अभियांत्रिकी कॉलेजात मी ग्रंथपाल होते. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

“मदाम इनआम, अकरा साइट एकच आकडा सांगतायत. अकराही साक्षीदार खोटं बोलतील?” शाहिंदाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. ती आमचीच जुनी विद्यार्थिनी. कालव्याकाठी शाळा बांधत होती. आमच्याकडच्या मातीवर किती भार टाकता येतो, तो आकडा तिला हवा होता. गुरुवारी पायाचं काँक्रीट पडणार होतं.

“अकरांनी एकाचंच ऐकलं असेल तर साक्षीदार एकच झाला, पोरी. कुणी कुठून घेतलं ते बघ.”

“तुम्ही पोलिसांत भरती व्हायला हवं होतं!”

हसली, पण बसली. एक साइट दुसरीकडे बोट दाखवी, दुसरी तिसरीकडे. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या वाटा एकाच ठिकाणी येऊन थांबल्या: आमच्याच कॉलेजची १९७१ची पत्रिका, डॉक्टर वदीअ यांचा लेख.

“घ्या! आपलेच डॉक्टर निघाले. आता तरी पटलं?”

मला अभिमानच वाटला. तेव्हा मी तिथे टायपिस्ट होते, ती पत्रिका माझ्याच हातची. केवळ तिला दाखवावं म्हणून कपाटातून त्यांचं हस्तलिखित काढलं.

तक्ता तोच. आकडाही तोच. खाली लाल पेन्सिलीने दोन ओळी होत्या: ‘फक्त कोरड्या मातीसाठी. पाणी मुरलेल्या मातीला याच्या निम्मा धरावा.’

पत्रिकेत त्या ओळी नव्हत्या.

मग आठवलं. पत्रिका तेव्हा सायक्लोस्टाइल व्हायची; त्या पानाच्या स्टेन्सिलवरची जागा संपली होती. दोन ओळींसाठी नवी स्टेन्सिल कशाला, म्हणून मीच त्या गाळल्या होत्या. सत्तावीस वर्षांची होते; कुणाला विचारलंसुद्धा नाही. कोरडी माती, आणि आमच्या गावात! हातभर खणलं की पाणी लागतं इथे.

“मदाम,” शाहिंदा म्हणाली, “साडेतीनशे पोरं बसणारेत त्या शाळेत.”

डीन शौकीसाहेबांनी ऐकलं आणि दार लावून घेतलं. “वदीअ जाऊन बारा वर्षं झाली. चूक त्यांची म्हणू. त्यांना आता काय फरक पडतो? जाता जाता स्वतःला कशाला काळं फासून घेता, मदाम?”

“त्यांनी लिहिलं होतं, साहेब. मी टाइप केलं नाही.”

“पण विचारतंय कोण?”

“शाहिंदा. बाहेर बसलीय.”

दुरुस्ती कॉलेजच्या साइटवर माझ्या नावाने लागली. माझा निरोपसमारंभ झाला नाही.

शाहिंदाने गुरुवारचं काम थांबवलं, पाया रुंद केला. शाळा उभी आहे. ती आता कतारला, दोह्यात मोठी साहेबीण आहे. ईदला फोन करते. शौकीसाहेब गेल्या हिवाळ्यात वारले. अकरांपैकी दोन साइटनी आकडा सुधारला. नऊंना मी अजून पत्रं लिहिते.

संध्याकाळी कालव्याकाठी फिरताना कुणाच्या भिंतीला तडा दिसला की थांबते. घर कधीचं, विचारते. एकाहत्तरच्या आधीचं म्हणाले, की पुढे चालू लागते.