विल्हेल्मची बायको

मागच्या पितृपक्षात नागपूरला नीलांबरीच्या मामाकडे श्राद्ध चालू होतं आणि अमेरिकेत शॉमबर्गच्या घरात सगळे ते व्हिडिओ कॉलवर बघत होते. गुरुजींनी नावं विचारली. आई, आजी, पणजी. मामा अडला की इकडून शैलजा, म्हणजे तिची आई, नाव पुरवायची.

"बाबा, तुमच्या विल्हेल्मच्या बायकोचं नाव काय?" नीलांबरीनं मध्येच विचारलं.

केविन हॉफरनं खांदे उडवले. विल्हेल्म त्याचा खापरपणजोबा, जर्मनीहून इलिनॉयला आलेला. त्यानं बांधलेल्या लाल बार्नसमोर, म्हणजे शेतावरच्या मोठ्या कोठारासमोर, सगळे हॉफर दर उन्हाळ्यात जमत. बायकोचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कमाल आहे! मग पोरंबाळं काय मक्याच्या शेतात उगवली?" शैलजा म्हणाली.

शोधत शोधत मायलेकी एका जुन्या चर्चमागच्या दफनभूमीत पोचल्या. विल्हेल्मच्या दगडावर शेवाळ माजलं होतं. शैलजानं पर्समधून चक्क भांडी घासायची नारळाची शेंडी काढली.

"आई! ती काय कढई आहे?"

"अगं, हलक्या हातानं घासते."

"नको ना! अक्षरं जातील!"

शेवटी बाटलीतलं पाणी ओतून नीलांबरीनं बोटांनीच शेवाळ सारलं. जर्मन अक्षरं वर आली; फोनवर त्यांचा अर्थ लावला. मृत्यू, १८६८. खाली लिहिलं होतं: हा दगड उभारला त्याची विधवा मार्गारेटा हिनं.

"अठराशे अडुसष्ट?" नीलांबरी किंचाळलीच. "आई, बार्नच्या पायाच्या दगडावर एकाहत्तर कोरलंय!"

यंदा सगळे जमले तेव्हा टेड आजोबा, केविनचे काका, नेहमीसारखे घराण्याची गोष्ट सांगायला गवताच्या गाडीवर चढले. "आपल्या विल्हेल्मनं स्वतःच्या हातांनी—"

एरवी नीलांबरी मागच्या बाकावर बसून मक्याचं कणीस खायची. आज ती उभी राहिली. आता गप्प बसलं तर मार्गारेटा पुन्हा शेवाळाखाली जाणार, हे तिला पक्कं कळत होतं.

"सॉरी आजोबा, विल्हेल्मनं नाही बांधलं. तो तीन वर्षं आधीच गेला होता."

कुणीतरी हसलं. तिनं फोनमधला फोटो पुढे केला. टेड आजोबांनी चष्मा चढवला, फोटो वाचला, खाली उतरले आणि बार्नच्या पायाशी वाकून तिथला आकडाही वाचला.

"म्हणजे साठ वर्षं मी मेलेल्या माणसाकडून भिंती बांधून घेतोय?" ते म्हणाले आणि स्वतःच खदखदून हसले. "चढ वर, पोरी. आता तूच सांग. आणि मोठ्यानं हं, मला कमी ऐकू येतं."

नीलांबरी गाडीवर चढली. एवढे सगळे हॉफर, आणि सगळ्यांची तोंडं तिच्याकडे.

"तिचं नाव मार्गारेटा," तिनं खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आणि आपण सगळे तिचे!"