बेतून घेतलेली गिटार

शहरात बस चालवणाऱ्या एका माणसाचा उजवा खांदा हळूहळू आखडत गेला आणि शेवटी वर जायचाच थांबला. शर्ट चढवताना बायकोला बाही धरून उभं राहावं लागायचं. स्टिअरिंग तो दातओठ खाऊन फिरवायचा, आणि घरी आल्यावर अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना उशीकडे वर सरकवायचं काम डाव्या हातावर निभावून न्यायचा. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले आणि हाताला आवडीचं काही काम आहे का, असं विचारलं. पूर्वी गिटार वाजवायचो, तो म्हणाला, पण तिचं पोट एवढं मोठं की वरून हात टाकला की कळ येते. मग बेताची एखादी घ्या, असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

डेपोतल्या एका मेकॅनिकने त्याला पत्ता दिला. टायरच्या दुकानावरची लांबट खोली. जिना चढताना रबराचा वास यायचा आणि दार उघडलं की लाकडाचा. गिटार बनवणारी बाई पन्नाशीची, हाडापेराने मजबूत, चष्मा कपाळावर सरकवलेला. आधी खुर्च्या-कपाटं करायची, मग या नादाला लागली. बोलणं बेताचं.

त्याने आपली जुनी गिटार सोबत नेली होती. हिची पुढची फळी नव्या गिटारीला वापरता आली तर बरं, असं त्याच्या मनात होतं. बाईने गिटार उजेडात धरली आणि मधल्या भोकाच्या कडेवरून नख फिरवलं.

"हे प्लायवूड आहे, भाऊ. यातून मी काही काढून देऊ शकत नाही."

इतकी वर्षं ती अस्सल लाकडाची समजून त्याने जपली होती. त्याचा चेहरा उतरलेला तिने पाहिला असावा. वाजली ना एवढी, मग तिचं काम झालं, असं म्हणून तिने गिटार अलगद कोपऱ्यात टेकवली आणि त्याला बिनहाताच्या खुर्चीत बसवलं. छातीपासून कोपरापर्यंत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बसल्यावर मांडीची उंची, सगळं टेपने मोजलं. कळ न येता कोपर कुठवर जातं ते दोनदा पाहिलं. घरात त्याची बायको दिवसभर शिलाई मशीनवर लोकांचे कपडे बेतायची, पण आपलं स्वतःचं माप शेवटचं कुणी घेतलं, हे त्याला आठवेना.

वेळ लागेल, बाई म्हणाली. फोन करून विचारायचं नाही. बघावंसं वाटलं तर येऊन बसा.

तो दर सुट्टीला जाऊन बसू लागला.

यात एक अडचण होती. आठवड्यातून सुट्टी एकच, आणि त्या दिवशी वडिलांपाशी बसायची पाळी त्याची. वडील आयुष्यभर एका दवाखान्यात कंपाउंडर होते. पाय गेले तरी जीभ शाबूत होती, आणि प्रत्येक गोळीची उलटतपासणी झाल्याशिवाय ती घशाखाली उतरत नसे. सून त्यांचं सगळं करायची आणि मधल्या वेळात लोकांच्या पँटी आखूड करायची. सुट्टीचा दिवस म्हणजे तिची बाजारहाटाची, पाय मोकळे करायची सवड. तीच त्याने उचलून नेली होती. रात्री ताट त्याच्यापुढे सरकवून ती मशीनवर जाऊन बसायची.

तिकडे बाई एकेक फळी कानाशी धरून बोटाने टकटक करायची. काही फळ्या मडक्यासारख्या घुमायच्या, काही मुक्या राहायच्या. घुमणारी एक तिने निवडली आणि रंधा मारून पातळ करायला घेतली. लांब छिलके निघून जमिनीवर वळत पडायचे. तो थोडा वेळ बघायचा. त्याला इथे कुणी थांबा विचारत नव्हतं, सुट्टे मागत नव्हतं, पाणी दे म्हणत नव्हतं. मग रंध्याच्या आवाजात त्याचे डोळे मिटायचे.

एका सुट्टीला दुपारी घरी वडिलांचं थर्मामीटर सापडेना. बायकोने फोन केला, तो उचलला गेला नाही. तिने शेजारणीला जरा बसवलं आणि पत्ता विचारत टायरच्या दुकानावर चढली. बघते तर नवरा खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेला, तोंड उघडं, शर्टावर भुसा.

"नेहमी असेच झोपतात?" तिने विचारलं.

"आधी थोडं बघतात," बाई म्हणाली. "मग झोपतात."

तिने त्याला उठवलं नाही. बाईने पुढे केलेल्या स्टुलावर ती टेकली आणि चहाचा पेला दोन्ही हातांत धरून फळीकडे बघत राहिली. तो जागा झाला तेव्हा समोर बायको दिसल्यामुळे आपण घरीच आहोत, असं क्षणभर त्याला वाटलं.

परतताना ती दोन पावलं पुढे चालली. आता बोलणी खावी लागणार, म्हणून त्याने मनाची तयारी केली होती.

"एक तर ती बाई आहे हे तुम्ही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"तू विचारलं नव्हतंस."

"ते जाऊ दे. तुम्हाला झोपलेलं बघून मला राग आला. झोपेचा नाही. मला वाटलं, हे मला का नाही सुचलं." थोडं पुढे जाऊन ती म्हणाली, "पुढच्या सुट्टीला मी जाते."

"तू काय करणार तिथे?"

"तुम्ही करता तेच."

तेव्हापासून पाळी लागली. एका सुट्टीला तो, पुढच्या सुट्टीला ती. पण ती झोपली नाही. कपडा बेतणाऱ्या बाईचा डोळा, तो कामावरून हलेना. घरी आली की सासऱ्यांची चादर बदलता बदलता सांगायची. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर दाबत वाकवतात, आपण कॉलरला इस्त्रीने वळण देतो ना, तसंच. पुढच्या फळीला आतून आधाराच्या काड्या चिकटवतात, आपण कॉलरच्या पोटात कडक कॅनव्हास घालतो तशा. त्याला त्याची गिटार निम्मी अशी तिच्या तोंडून कळत गेली. वडील आधी भिंतीकडे तोंड करून असायचे. मग एक दिवस त्यांनी सरस कोणता वापरतात ते विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. तर विचारून ये, ते म्हणाले, अर्धवट माहिती म्हणजे चुकीचा डोस.

मग एका सुट्टीला तिच्यासमोरच एक पट्टी कमरेच्या वळणावर तडकली. रात्री जेवताना तिने सांगितलं. बाईने दोन वाटा पुढे ठेवल्या होत्या. आतून लाकडाचा पातळ तुकडा लावून तडा बुजवायचा, नाहीतर दोन्ही बाजू जोडीच्या नव्या लाकडातून पुन्हा करायच्या, त्याला बरेच दिवस लागणार. ती नव्या करा म्हणून सांगून आली होती.

बरोबर केलंस, तो म्हणाला, ठिगळ ते ठिगळच.

तिने ताटातला घास तसाच ठेवला. "ठिगळाने चाललं असतं. आवाजात काही फरक पडणार नाही, दिसणारही नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मी मुद्दाम सांगितलं. लवकर झाली असती तर आपलं जायचं संपलं असतं."

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला रोज दिसत होती, आज त्याने ती पाहिली.

"मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं," तो म्हणाला.

"उगाच म्हणताय."

"उगाच नाही."

थंडी वाढली तसा वडिलांच्या छातीत कफ भरला आणि त्यांना हॉस्पिटलात हलवावं लागलं. त्यानंतर सुट्टी नावाला उरली. तो ड्युटीवरून थेट वॉर्डात यायचा, ती वॉर्डातून घरी जाऊन डबा करायची. जिन्यात गाठ पडली की डब्याची पिशवी आणि दोन वाक्यं एकमेकांच्या हाती द्यायची. वडील सलाइनच्या बाटलीवरचं लेबल वाचायला मागत, आणि धाप लागून मधेच सोडून देत. एकदा बाईचाच फोन आला. घाई नाही, ती म्हणाली, चिकटवलेलं सुकतंय, सुकलेलं आणखी सुकलं तर चांगलंच. बायकोने फोन खाली ठेवला आणि कॉरिडॉरच्या बाकावर पहिल्यांदा रडली, तेही थोडंच, कारण नर्स बोलवत होती.

वडील घरी आले ते निम्मे होऊन. पण आले.

गिटार झाल्याचा निरोप मिळाला तेव्हा त्याच्या बहिणीने एक दुपार वडिलांपाशी बसायचं कबूल केलं आणि दोघं पहिल्यांदाच मिळून निघाली. गिटार लहान होती, कमरेत बारीक, पाठ गडद आणि पुढची फळी साईच्या रंगाची. त्याने मांडीवर घेतली. हात पोटावरून सहज पलीकडे गेला. खांदा ओढला, पण कळ आली नाही. बोटं मऊ पडली होती, अर्धे सूर दबलेच नाहीत; जे दबले ते खोलीभर पसरले आणि खालच्या दुकानातली ठोकाठोक थांबल्यासारखी वाटली. त्याने मान वर केली नाही. डोळे भरलेले तिला दिसू नयेत, एवढंच त्यामागे होतं.

ती मात्र टेबलावरच्या दुसऱ्या, अर्धवट गिटारीकडे बघत होती. बाईच्या ते लक्षात आलं.

"आता कशाला येणार तुम्ही?" बाईने विचारलं.

"तेच बघतेय."

"आतल्या काड्या घासायच्या असतात. मला कंटाळा येतो त्याचा. तुमचा हात हलका आहे. निमित्तच हवं असेल, तर हे घ्या."

घरी वडिलांनी गिटार छातीवर ठेवून घेतली, तिच्या पाठीवर बोटाने टकटक केलं आणि वाजव म्हणाले. दोन तारा बोलतात, बाकीच्या कण्हतात, असा त्यांनी निकाल दिला. बोटं बसली नाहीत अजून, तो म्हणाला. मग बसव, ते म्हणाले आणि डोळे मिटले. तो ड्युटीनंतर बोटं दुखेपर्यंत वाजवायचा. कधी वडील ऐकायचे, कधी मधेच लघवीचं भांडं मागायचे, आणि मग गिटार भिंतीला टेकवून उठावं लागायचं. खांदा निम्मा सुटला, पुरता नाही. वडिलांचं दुखणं होतं तिथेच राहिलं. सुट्टीची पाळी मात्र दोघांनी मोडली नाही. आपल्या सुट्टीला तो बागेत जाऊन बाकावर बसायचा, तिच्या सुट्टीला ती जिना चढायची.

अशाच एका संध्याकाळी ती परतली तेव्हा तिच्या बाह्यांना बारीक पूड लागली होती. आता कुणाची चाललीय, त्याने विचारलं. एक शाळेतली शिक्षिका आहे, ती म्हणाली, हात फार लहान आहेत तिचे. मग सासऱ्यांच्या गोळीची वेळ झाली होती, म्हणून ती हात धुवायला आत गेली.