दिवलीबाईनं पुरलेलं बी

मला जाळलं ते रायसिंगनं. पाड्यातला सगळ्यात मोठा माणूस, म्हणून त्याला कोणी जाब विचारला नाही. मी विचारतोय. मी मोह आहे, मणिबेलीच्या टेकाडावरचं झाड.

आमच्याकडे जमिनीसारखी मोहाचीही वाटणी होते. रायसिंगनं दोन्ही जुने मोह थोरल्या मुलाला दिले. धाकटा करमसिंग कोरडाच राहिला. ज्याच्याकडे मोह नाही, त्याच्याकडे पावसाळ्यात शिजवायला फुलं नाहीत.

म्हणून करमसिंगच्या बायकोनं, दिवलीबाईनं, पिकल्या फळातलं ताजं बी जुन्या मोहाजवळच्या बांधावर पुरलं. मोहाचं बी साठवता येत नाही. वाळलं की मेलं. ते बी म्हणजे मी. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून तिनं भोवती दगड रचले. मी गुडघ्याएवढा झालो.

फुलं गळायच्या आधी आमचे लोक जुन्या मोहाखालचा पाचोळा पेटवतात. काळ्या राखेवर फुलं चटकन दिसतात. त्या वर्षी रायसिंग काडी घेऊन आला, तशी त्याची सून दिवलीबाई आडवी आली.

"बाबा, थांबा. बांधावर माझा मोह आहे. आधी पाचोळा ओढून घेते."

"कसला मोह? टेंभुर्णी आहे ती."

तिनं माझं पान खुडलं. देठातून चीक आला. "टेंभुर्णीला दूध येतं का?"

"असंल मोह. पण मोह कोणी लावतं का, वहू? तो देव लावतो. तुझ्या बापानं लावला होता का कधी?"

"नाही. पण जाळलाही नव्हता."

करमसिंग शेजारीच उभा होता.

ती पाचोळा ओढायला काटेरी फांदी आणायला वळली. तेवढ्यात रायसिंगनं माझ्याभोवतीचे दगड दारूच्या भट्टीसाठी उचलले, काडी लावली आणि निघून गेला. आग राखायलाही थांबला नाही.

मी एका अंगानं कोळसा झालो. मुळं शाबूत होती, पावसात पुन्हा फुटलो; पण बोटभर. तेवढ्यावर कोण थांबणार? करमसिंग आणि दिवलीबाई म्हसावदकडे मजुरीला उतरली आणि तिकडेच राहिली.

बरीच वर्षं गेली. आता मी फुलतो. दूर चाललेल्या लढाईमुळे बाजारात धान्य मिळेना, म्हणून यंदा पाडा आमच्या फुलांवर आहे. माझ्याखाली म्हातारा रायसिंग वेचतो. सांगतो, "बघा, देवानं लावला!" वेचायच्या आधी काडी लावतो, त्यात माझ्या बियांतून उगवलेली पोरं जळतात. पाचोळा झाडून बाजूला करा, बाबांनो. फुलं तशीही दिसतात.

आगीकडच्या अंगाला मला फांदी नाही. दिवलीबाई परत आली नाही.