ओंजळभर कोंडा

मखमलाबादच्या मळ्यातल्या सरूबाईंची एकुलती एक लेक लग्न होऊन सिडकोत आली, ती 'कोंडाबाई' हे आपलं नाव माहेरच्या शिवेवर टाकूनच. नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'शुभांगी' लिहिलं, तेव्हा तिला रडू यायच्याऐवजी हायसं वाटलं. शाळेत पोरं विचारायची, "गव्हाचा कोंडा का ज्वारीचा?" मुलगी झाली म्हणून आईनं कोंड्याच्या मोलाचं नाव ठेवलं, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. बरं, आईही अशी, की चारचौघांत कधी तोंडभरून 'माझी पोर' म्हणाली नाही. मग लेकीच्या मनात अढी बसेल नाहीतर काय!

शहाण्णव साली शुभांगीच्या मुलीचं, वेदिकाचं बारसं होतं. सरूबाई मळ्यातल्या गुलाबांची पाटी घेऊन आल्या आणि फाटकातूनच त्यांनी हाक दिली, "कोंडे, अगं ए कोंडे!"

जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. नणंद म्हणाली, "वहिनी, हे कुठलं हो नाव?"

शुभांगीनं आईला स्वयंपाकघरात ओढत नेलं. "पुन्हा या नावानं हाक मारायची असेल, तर या घराची पायरी चढू नकोस."

"बरं," सरूबाई म्हणाल्या आणि गुलाब पाण्यात घालायला बसल्या. त्यांनी शब्द पाळला. पुढं 'अगं बाई' नि 'ऐकलं का' यावरच त्यांनी भागवलं.

दहाएक वर्षांनी सरूबाईंनी अंथरूण धरलं, माणसं ओळखेनाशा झाल्या. शुभांगी मळ्यात येऊन राहिली. शेजारची म्हातारी गोजराबाई भेटायला आली आणि दारातूनच म्हणाली, "कोंडे, चहा टाक गं."

"मावशी, ते नाव नको ना. आईला मी नकोशी होते, म्हणून ठेवलेलं नाव ते."

गोजराबाई भडकलीच. "नकोशी? तुझ्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली तिची! तू झाली तवा तिनं तुला सुपात घालून माझ्या पदरात टाकलं, आन् ओंजळभर कोंडा दिऊन परत घेतलं. कोंड्यावारी घेतलेल्या पोरीवर काळ कशाला नजर ठेवील? 'माझी' म्हणलं तर दृष्ट लागंल, म्हणून कुणी विचारलं की सांगायची, 'गोजराची हाय.' लय भ्यायची गं ती."

शुभांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हाकेनं आईनं तिला जगवलं, तीच हाक तिनं दटावून बंद केली होती. आता एकदा, फक्त एकदा, ती ऐकायला मिळावी म्हणून तिचा जीव तुटायला लागला.

चहाचं तसंच सोडून ती आईच्या खाटेशी गेली, कानाशी वाकली. "आई, मी कोंडी. हाक मार ना मला. कोंडे म्हण."

सरूबाईंनी डोळे उघडले. लेकीकडं परक्या बाईकडं पाहावं तसं पाहिलं, मग घाबरून दाराकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गं बाई. माझ्या शुभांगीला राग येतो त्या नावाचा."