नुसतं तोंड हलवा

आमच्या सासूबाईंना लॉन्ड्रीत सगळ्या जणी भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि आतून आवडतंही. इस्पितळाच्या चादरी धुणारी आमची लॉन्ड्री. एका भिंतीला सहा धुलाई मशीनं, समोर चार मोठे ड्रायर आणि मधे इस्त्रीवाल्या नि घड्या घालणाऱ्या मिळून आम्ही चौदा जणी. त्या आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून बोलायच्या ऐवजी गायचं, ही पद्धत सासूबाईंनी पाडली. "चार नंबर रिकामा झाला गं" हेसुद्धा चालीवर. बावीस वर्षं हेच चाललंय. मी लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच आठवड्यात इस्त्रीवर उभी राहिले, त्यामुळे सासुरवास मला घरी एक आणि लॉन्ड्रीत एक असा दोन पाळ्यांत झाला.

मग नदी आत आली. चांगली सकाळच्या पाळीला, भर उजेडात. आम्ही माळ्यावर चढलो म्हणून वाचलो आणि वरून बघत राहिलो. एकेक ड्रायर बंद पडत गेला. शेवटचा थांबला तेव्हा सासूबाईंनी कानावर हात ठेवले. मला वाटलं, पाण्याच्या आवाजाने असेल.

घरंही गेली. तीन आठवडे आम्ही शाळेच्या वर्गात राहतोय आणि रोज कुणीतरी येऊन आमचे फोटो काढून जातंय. अशात वरच्या भागातल्या मंडळींनी पूरग्रस्तांसाठी मदतीचा कार्यक्रम ठरवला. मोठं सभागृह, मोठा गायक, तिकिटंही तशीच मोठी. लॉन्ड्रीतल्या बायका गातात असं समितीच्या अध्यक्षबाईंच्या कानावर गेलं होतं. त्या स्वतः शाळेत आल्या, लहान मुलांच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "शेवटचं गाणं तुमचं. जमलेल्या पैशातून लॉन्ड्री उभी करायचं यादीत वर घेतलंय मी." अध्यक्षबाईंचा आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला आपलंच काही चुकलंय असं वाटावं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तालीम होती. आवाजाची सगळी यंत्रणा माझ्या धाकट्या दिराकडे. लग्नसमारंभांत स्पीकर लावणारा माणूस, एवढं मोठं सभागृह त्याला पहिल्यांदाच मिळालेलं. तो सकाळपासून केबलींच्या गुंत्यात डोकं घालून बसला होता, स्पीकर अजून सुरूच झाले नव्हते. आम्ही रंगमंचावर उभ्या राहिलो, सासूबाईंनी मान हलवली, आणि आम्ही गायला लागलो.

काय सांगू? चौदा जणी आणि चौदा दिशा. मी एका सुरात, माझ्या शेजारची भलत्याच. सासूबाईंनी आवाज चढवला तशी प्रत्येकीने आपापल्या बाजूला ओढलं. पियानोवाला खाली बघून हसला. दुसऱ्या कडव्यावर आम्ही आपणच थांबलो. असं आमचं बावीस वर्षांत झालं नव्हतं.

अध्यक्षबाई टाळ्या वाजवत पुढे आल्या. "काही हरकत नाही हं, दडपण येतंच. असं करू, शेवटचं गाणं पाहुणे म्हणतील. तुम्ही मागे ओळीने उभ्या राहा, ही राखाडी ब्लँकेटं पांघरून. कोरस रेकॉर्ड केलेला आहे आपल्याकडे, छान शिकलेल्या मुलींचा. तुम्ही नुसतं तोंड हलवा. जमेल ना?"

मी सासूबाईंना सोळा वर्षं ओळखते. त्या गप्प बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या, आणि मला राग अध्यक्षबाईंचा नाही, आमचाच आला. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोकांनी म्हणावं आणि आपल्याकडे उत्तर नसावं!

रंगमंचामागच्या खोलीत चहा आला. आमच्यातली सगळ्यात जुनी घडीवाली म्हणाली, "पुराने गळासुद्धा नेला की काय आपला?"

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून घुमायला लागलं. एकच जाड, सपाट आवाज, न चढणारा, न उतरणारा. कुणी लक्षही दिलं नाही. घडीवाली कप विसळता विसळता गुणगुणायला लागली, तिच्यात मी मिसळले, माझ्यात बाकीच्या. एक अख्खं कडवं झालं. कुठेही खरचटलं नाही. मग ते घुमणं एकदम थांबलं आणि पुढच्या ओळीला आम्ही पुन्हा पांगलो.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "ड्रायर," त्या म्हणाल्या. "अगं बायांनो, आपण ड्रायरच्या सुरात गातो!"

खरंच की. बावीस वर्षं सूर कुणी दिलाच नव्हता, तो आपला भिंतीकडून यायचा. अंगण खरोखरच वाकडं होतं!

आम्ही दोघी तडक दिराच्या टेबलापाशी गेलो. सासूबाईंनी विचारलं, "आत्ता ते घूं-घूं कसलं होतं रे?"

"अर्थिंग खराब आहे इथलं. विजेचं घुमणं आहे ते, लाइनीतून स्पीकरमध्ये येतं." त्याने एका केबलीत अडकवलेली काळी डबी दाखवली. "ही लावली आणि बंद झालं. अख्खा दिवस गेला माझा त्यात."

"आणि ड्रायरमधून यायचं ते?"

"तेही त्याच विजेचं. मोटर असो की स्पीकर, वीज घुमते ती एकाच सुरात."

"मग ही डबी शेवटच्या गाण्याला काढ."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, ते घुमणं बंद करायलाच मला बोलावलंय इथे! पुढच्या रांगेत कोण कोण बसणार आहे, माहितीये? उद्यापासून सगळे म्हणतील, हा बघा घुमणारा साउंडवाला. मला लग्नातसुद्धा कुणी उभं करणार नाही. वहिनी, तुम्ही तरी समजवा हिला."

"मी काय समजवू, भाऊजी?" मी म्हटलं. "मलाही गायचंय."

"नाही म्हणजे नाही," तो म्हणाला.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं ते 'बरं' ज्याने ऐकलंय, त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

पण त्या आधी सरळ मार्गाने गेल्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी आम्हाला उद्धट म्हटलं. त्या अध्यक्षबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आमचं काय चुकत होतं ते कळलंय. पाच मिनिटं द्या. आमचं आम्हाला गाऊ द्या."

अध्यक्षबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "समजून घ्या. तुम्ही अशा ठणठणीत आवाजात गायला लागलात, तर लोक म्हणतील, यांना काय धाड भरलीय? लोकांचं मन हेलावायला हवं. आणि यादीत लॉन्ड्री वर राहावी म्हणून मी किती भांडलेय! ती खाली जायला काय वेळ लागतो?"

हे सगळं हसत हसत.

खोलीत परत आल्यावर सासूबाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, यादीचंही. "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत आहे," त्या म्हणाल्या. "लॉन्ड्री सगळ्यांची आहे. म्हणून विचारते. जिला तोंड हलवायचं असेल तिने खुशाल हलवावं. मी मनात काही ठेवणार नाही. मी मात्र हलवणार नाही."

घडीवालीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिला लॉन्ड्री सुरू होण्याची घाई सगळ्यांत जास्त. आम्ही तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? माझं तोंड गाण्यापुरतं तरी माझं आहे."

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. पाहुणा गायक खरंच छान गायला, खोटं कशाला बोलू. शेवटच्या गाण्याला आम्ही ब्लँकेटं पांघरून त्याच्या मागे उभ्या राहिलो. डोळ्यांवर दिवे, समोर अंधार. पहिलं कडवं त्याने म्हटलं. मग स्पीकरमधून कोरस आला, छान शिकलेल्या मुलींचा, लोण्यासारखा.

आणि चौदा तोंडं मिटलेली.

ओठ घट्ट आवळून आम्ही समोर बघत होतो. स्पीकर गातायत आणि आम्ही उभ्या. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी फसकन हसलं. गायकाने मागे वळून बघितलं आणि त्याची ओळ चुकली. पडद्याच्या कडेला अध्यक्षबाई उभ्या होत्या, त्या स्वतःच तोंड हलवून आम्हाला दाखवायला लागल्या, मोठ्ठा आ करून. यादी गेली, लॉन्ड्री गेली, हात दाखवून अवलक्षण केलं आपण, असं सगळं डोक्यात येत होतं. तरी ओठ मी उघडले नाहीत. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही, आणि ते होतं काही न करण्याचं.

कोरस मधेच तुटला.

मला लांब मागे दिराच्या टेबलावरचा छोटा दिवा दिसत होता आणि त्यात त्याचा हात. त्या हाताने काहीतरी उपटून काढलं.

घूं.

पायाखालच्या फळ्या थरथरल्या. लोकांनी कानावर हात नेले. आणि आमच्या चौदा जणींच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. सासूबाईंनी मान हलवली.

"कुणाचं रक्त आणि कुणाचा घाम,
विचारायचं नाही कुणाचं नाम,
आली ती चादर पिळायची, बाई,
मळाला घाबरून चालायचं नाही!"

सहा मशीनं आणि चार ड्रायर यांच्यावरून जाणारा आवाज आमचा, तो आम्हाला कमी करता येत नाही. पुढची रांग खुर्चीत मागे रेलली. दुसऱ्या कडव्याला सासूबाईंनी अंगावरचं ब्लँकेट काढलं आणि त्याची दोन टोकं माझ्याकडे फेकली. मी झेलली. घडी घालताना जोडीने घालायची, तालावर, ही आमच्या हातांची सवय. टोकाला टोक, झटका, पुन्हा टोकाला टोक. बघता बघता सात जोड्या झाल्या आणि चौदा ब्लँकेटांची एकसारखी चळत गायकाच्या पायाशी लागली. तो बिचारा बाजूला सरकून आमच्याबरोबर टाळी धरायला लागला, पण ताल त्याला सापडत नव्हता.

आम्ही लॉन्ड्रीच्या आमच्या निळ्या डगल्यांत उभ्या होतो. डगले धुतलेले, कडक इस्त्रीचे. शाळेत तीन आठवडे मी एकच इस्त्री चौदा जणींसाठी तापवत होते, ती काय ब्लँकेटाखाली झाकायला?

मग मागून, स्वस्तातल्या खुर्च्यांकडून, पाय आपटायचा आवाज आला. तो पुढे पुढे येत गेला. मला रडू फुटलं आणि मी रडत रडत गायले. रडायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ते माझं होतं.

तिसऱ्या कडव्यापाशी अध्यक्षबाईंनी पडदेवाल्याला खूण केली. जड लाल पडदा दोन्हीकडून सरकत आला आणि आमच्या नाकासमोर मिटला. अंधार झाला. आमच्यातल्या दोघी-तिघी थांबल्या. घुमणं मात्र चालूच होतं. दिराने डबी परत लावली नव्हती.

"थांबलात कशाला गं?" सासूबाई म्हणाल्या. "लॉन्ड्रीत आपल्याला कोण बघत होतं?"

आणि त्यांनी चौथं कडवं उचललं.